सनरूफ ठेवा तुमच्याकडे, मागचा वायपर द्या

प्रति,
भारतात गाड्या बनवणाऱ्या तमाम कंपन्यांमधले प्रॉडक्ट प्लॅनिंगवाले साहेब आणि मॅडम,

स.न.वि.वि.

पत्र लांब होणारे, आधीच सांगते. कुठल्या एका कंपनीला लिहीत नाहीये कारण ही खोड तुम्हा सगळ्यांनाच आहे, एकाचं नाव घेतलं की बाकीचे "बघा, आम्ही नाही त्यातले" म्हणून मोकळे होणार.

मी चेंबूरला राहते. गाड्यांचं वेड लहानपणापासूनचं, घरात दुसऱ्या कोणालाच नाही त्यामुळे कुठून आलं देव जाणे. सध्या गाडी बदलायची चाललीय. जुनी हॅचबॅक आहे, पेट्रोल, मॅन्युअल, अजून मस्त पळते, पण आईबाबांना घेऊन गावी जायचं तर जरा मोठी, एअरबॅगवाली गाडी असावी असं घरच्यांचं म्हणणं, आणि त्यात चूक काही नाही. तर माझी मागणी ऐका. टर्बो (म्हणजे तेवढ्याच मापात जास्त ताकद देणारं) पेट्रोल इंजिन, मॅन्युअल गिअर, मागच्या काचेला वायपर आणि डिफॉगर (काचेवरची वाफ घालवणारा), पाचही सीटना तीन पॉइंटचे बेल्ट, एसीला हाताने फिरवायची बटणं आणि डिकीत पूर्ण मापाची स्टेपनी. संपली लिस्ट. यात चंद्रावर जायचं काही नाहीये, या सगळ्या गोष्टी तुम्ही आजही बनवता, फक्त एका गाडीत एकत्र देत नाही.

शोरूममध्ये गेलं की काय होतं ते तुम्हाला माहीत असेल, कारण कुठल्या व्हेरिएंटमध्ये, म्हणजे एकाच गाडीच्या स्वस्त-महाग प्रकारांत, काय द्यायचं ते तुम्हीच ठरवलेलं असतं. टर्बो पाहिजे? मग मॅडम वरून दुसरं व्हेरिएंट घ्या, त्यात सनरूफ येतोच. मॅन्युअल? ते टर्बोला बंद झालं, आता फक्त ऑटोमॅटिक. मागचा वायपर? तो मधल्या व्हेरिएंटपासून वर. एसीची गोल बटणं? ती खालच्या व्हेरिएंटला आहेत ना मॅडम, पण त्यात टर्बो नाही, आणि "तुम्हाला खालचं कशाला, स्क्रीन बघा किती मोठी आहे". पूर्ण मापाची स्टेपनी पण खालच्यालाच. (हे सगळं सेल्समन माझ्या भावाकडे बघून बोलतो. भावाला गाडीतलं एवढंच कळतं की चार्जिंग पॉइंट कुठे आहे.)

म्हणजे बघा गंमत, मला लागणाऱ्या निम्म्या गोष्टी तळाच्या व्हेरिएंटमध्ये आणि निम्म्या टॉपमध्ये, आणि मधे तुमची एक्सेलशीट. पार्ल्याच्या लग्नातल्या थाळीतसुद्धा भात नको म्हटलं तर पोळी जास्त वाढतात हो. इथे इंजिन हवं तर छताला भोक पाडूनच घ्यायचं, लाख-दीड लाख जास्त मोजून.

आता सनरूफबद्दल बोलूया, कारण सगळं गाडं तिथेच अडलंय. मुंबईत सनरूफ उघडायचा कधी ते मला कोणीतरी सांगा. मार्च ते मे ऊन, जून ते सप्टेंबर पाऊस, ऑक्टोबरमध्ये परत ऊन, आणि डिसेंबर-जानेवारीत जेव्हा हवा जरा बरी असते तेव्हा तीच हवा इतकी धुरकट असते की काचा बंद करून एसी रिसर्क्युलेशनवर टाकावा लागतो. राहिला उपयोग एकच, पोराला सीटवर उभं करून त्याचं डोकं बाहेर काढणे, मरीन ड्राइव्हवर रविवारी रात्री बघा, आणि तो प्रकार किती धोक्याचा आहे ते तुम्हाला नव्याने सांगायला नको. जोरात ब्रेक लागला तर त्या पोराला धरायला काहीही नाही.

आणि वजन? काच, मोटर, रेल, फ्रेम, हे सगळं गाडीच्या सर्वात उंच ठिकाणी. जिथे वजन कमीत कमी असावं म्हणून चांगला इंजिनिअर धडपडतो नेमकं तिथेच तुम्ही वाढवता. शिवाय आतली उंची कमी होते ती वेगळीच, उंच माणसाचं डोकं छताला लागतं. आणि एक गोष्ट जी ब्रोशरमध्ये कधीच नसते, सनरूफच्या कोपऱ्यांना पाणी जायला बारीक नळ्या असतात, त्या खांबांमधून खाली उतरतात. सनरूफ म्हणजे पाणी पूर्ण अडवणारी वस्तू नाहीच मुळी, थोडं पाणी आत येणार हे धरूनच ती केलेली असते आणि ते पाणी या नळ्यांतून बाहेर जातं. आता आमच्याकडे गाडी उभी कुठे असते, तर सोसायटीच्या बदामाखाली नाहीतर सोनमोहराखाली. सोनमोहराचा तो पिवळा सडा फोटोत छान दिसतो पण तोच त्या नळ्यांत जाऊन बसतो, मग पहिल्या मोठ्या पावसात छताच्या कापडावर डाग, खांबातून थेंब, कार्पेट ओलं आणि आठवडाभर गाडीत कुबट वास. कुर्ल्याला सीएसटी रोडच्या बाजूला ज्या मेकॅनिककडे मी जाते तो पावसाळ्यात बारीक वायर घेऊन याच नळ्या साफ करत बसलेला असतो, धंदा बरा चाललाय म्हणतो.

याच्या समोर मागचा वायपर ठेवा. एक छोटी मोटर, एक पातं, एक पाण्याची नळी. हॅचबॅक आणि एसयूव्हीची मागची काच जवळजवळ उभी असते, गाडी पळायला लागली की तिच्या मागे हवेचा भोवरा होतो आणि चाकांनी उडवलेलं सगळं चिखलपाणी त्या भोवऱ्याने काचेवर येऊन बसतं. सेडानची काच तिरकी, तिच्या मागे डिकी, तिथे एवढा त्रास नाही, म्हणून सेडानला वायपर नसला तरी चालतो. म्हणजे उभ्या काचेच्या गाडीला वायपर ही चैन नाही, तिच्या आकारातूनच आलेली गरज आहे. जुलैत पनवेलच्या पुढे गोवा हायवेला लागा, पुढे डंपर, मागे कंटेनर, आणि आरशात फक्त तपकिरी रंग. मागे काय आहे ते दिसणं यासाठी टॉप व्हेरिएंट घ्यावं लागतं हे तुम्हाला मीटिंगमध्ये बोलताना विचित्र नाही वाटत?

तुमचं उत्तर मला पाठ आहे. "ग्राहकच मागतो." सनरूफ नसेल तर गाडी खपत नाही, सर्व्हे केलाय, डीलर सांगतात, वगैरे. मी नाही म्हणत नाही, खपतो. आमच्या बिल्डिंगमध्ये एका काकांनी नवीन गाडी घेतली तर पेढ्यांबरोबर सगळ्यांना सनरूफ उघडून दाखवला, आणि त्यानंतर तो उघडलेला मी बघितला नाही. पण ग्राहक मागतो म्हणजे काय हो? तो तेच मागतो जे तुम्ही जाहिरातीत दाखवता. जानेवारी २०१४ आठवा. गाड्या ठोकून सुरक्षेचे स्टार देणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या ठोकून बघितल्या, अल्टो ८००, नॅनो, आय१०, फिगो आणि पोलो, पाचही झिरो स्टार. तेव्हा पण तुमच्यातले बरेच जण हेच म्हणत होते, की भारतीय ग्राहक एअरबॅगला पैसे देत नाही, त्याला ॲव्हरेज पाहिजे. आणि त्यातच पोलोची गोष्ट बघा. एअरबॅग नसलेली गाडी झिरो, दोन एअरबॅग लावलेली तीच गाडी चार स्टार. फोक्सवॅगनने मग त्या दोन एअरबॅग सगळ्या व्हेरिएंटना देऊन टाकल्या. झिरो आणि चारच्या मधे जे होतं ते बेस मॉडेलमधून वाचवलेले थोडे पैसे, दुसरं काही नाही.

आणि पुढे काय झालं? डिसेंबर २०१८ ला नेक्सॉनला पाच स्टार मिळाले, टाटांनी ते होर्डिंगवर लावले आणि ज्या ग्राहकाला सेफ्टी नको होती म्हणे, तोच शोरूममध्ये विचारायला लागला "किती स्टार?". माझी आई, जिला टायर आणि ट्यूब यातला फरक माहीत नाही, ती पण विचारते. आता २०२३ पासून तर आपलं स्वतःचं भारत एनकॅप आहे आणि त्याचे स्टार मिळाले की तुम्ही पानभर जाहिराती देता. म्हणजे मागणी तयार करता येते, तुम्हीच केलीत. फक्त सनरूफवर मेहनत केलीत आणि मागच्या वायपरवर नाही.

लोक पण कमी नाहीत, हे मला मान्य आहे. बेल्ट लावायचा कंटाळा म्हणून नुसतं बक्कल विकत घेऊन खाचेत अडकवणारी जनता आहे आपली, २०२३ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला ऑनलाइन विकणाऱ्या पाच कंपन्यांना त्या क्लिपा काढून टाकायला सांगावं लागलं, तेरा हजारांवर लिस्टिंग निघाली. तेव्हा ग्राहक म्हणजे देव वगैरे मी काही म्हणणार नाही. पण म्हणूनच काही गोष्टी ग्राहकाच्या आवडीवर सोडायच्या नसतात ना, बेल्ट आणि ब्रेक आणि काच त्यातल्याच.

बरं आता चाकं. हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे, थोडं सहन करा. व्हेरिएंट जसं वर जातं तसं चाक मोठं होत जातं, खाली १५ नाहीतर १६ इंच, वर १७, १८, चकाचक डायमंड कट अलॉय. बाहेरून चाकाचं माप साधारण तेवढंच राहतं, म्हणजे रिम वाढलं की रबर कमी झालं. टायरच्या बाजूचा जो रबराचा भाग असतो, साइडवॉल, ती पातळ होते. वळणावर पातळ साइडवॉल छान वाटते, गाडी पटकन वळते, मला पण आवडतं, लोणावळ्याच्या पुढे रस्ता मोकळा असला की मजा येते. पण जुलैमध्ये पूर्व द्रुतगतीवर मेट्रोच्या बॅरिकेडच्या बाजूला पाण्याने भरलेल्या खड्ड्यात चाक गेलं की ते रबर रिम आणि खड्ड्याच्या धारेमधे चिमटतं आणि साइडवॉलला चीर पडते, नाहीतर टेंगूळ येतं. पेव्हर ब्लॉकच्या कडा त्याहून वाईट. या चिरेला पंक्चर काढता येत नाही, सोल्युशनची बाटली ओतून काही होत नाही, टायर गेला तो गेला.

आणि बरोबर इथेच तुम्ही स्टेपनी काढून घेता! २०२० च्या जुलैमध्ये सरकारने नियम बदलला, ट्यूबलेस टायर, हवा दाखवणारा सेन्सर आणि रिपेअर किट असेल तर स्टेपनी नसली तरी चालेल. तुम्हाला आनंद झाला असणार, वजन वाचलं, पैसे वाचले, डिकी मोठी दाखवता आली. ते रिपेअर किट खिळ्याला ठीक आहे, मान्य, पण आमच्याकडे खिळा कमी आणि खड्डा जास्त. रात्री कसाऱ्याच्या घाटात साइडवॉल फाटली तर किटचं करायचं काय? काही कंपन्या बारकी स्टेपनी देतात, ८० च्या वर नेऊ नका असं पिवळं स्टिकर लावून, ती त्यातल्या त्यात बरी. पण पूर्ण मापाची कोणाला, तर ज्याने सगळ्यात कमी पैसे दिले त्याला. असो, त्याचं भलं झालं त्यात मला आनंदच आहे. मला फक्त टर्बो इंजिन १६ इंची जाड टायरवर हवंय, अलॉय नसली तरी चालतील, लोखंडी रिमवर प्लास्टिकची टोपी लावा, माझी ना नाही. आणि सीएनजीवाल्यांच्या डिकीबद्दल वर्षानुवर्षं "पर्याय नाही" म्हणत होतात ना, टाटांनी २०२३ मध्ये अल्ट्रोझला एका मोठ्या टाकीऐवजी दोन छोट्या टाक्या डिकीच्या तळाशी बसवून दाखवल्या. डोकं चालवलं की जागा निघते.

स्क्रीनचं थोडक्यात सांगते, कारण यावर जगभर लोक बोलून दमलेत. स्वीडनच्या एका गाड्यांच्या मासिकाने २०२२ मध्ये ताशी ११० वर गाडी चालवत चार साधी कामं करून बघितली, रेडिओ लाव, एसी बदल असली. २००५ ची बटणवाली जुनी व्होल्वो दहा सेकंदांत मोकळी, आणि सगळ्यात वाईट टचस्क्रीनवाल्या नव्या गाडीला जवळपास ४५ सेकंद. ११० वर ४५ सेकंद म्हणजे सव्वा किलोमीटरच्या वर, डोळे स्क्रीनवर. युरो एनकॅपने २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न, हझार्ड अशा गोष्टींना खरीखुरी बटणं नसतील तर मार्क कापायचं ठरवलं. फोक्सवॅगनसारख्या कंपनीने २०२५ मध्ये आवाज आणि पंख्याची बटणं परत आणतो म्हणून सांगितलं. तिकडे बटणं परत येतायत आणि आपल्याकडे टॉप मॉडेलमधून जातायत, आपण नेहमीसारखे एक फॅशन मागे. मुंबईच्या पावसात पुढची काच आतून धुरकट झाली की त्या क्षणी पंखा वाढवायचा असतो, मेनूत जाऊन नाही. हाताला न बघता सापडणारं गोल बटण, त्याला उत्तर नाही.

पाण्याबद्दल मात्र सविस्तर बोलणार. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या रात्रीच्या गाड्या ज्यांनी बघितल्या त्यांना वेगळं सांगायला नको. तो दिवस टोकाचा होता पण हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे, किंग्ज सर्कल ही नावं दरवर्षी बातमीत असतात. पाण्यात गाडी बंद पडते तेव्हा नुसती बंद पडली तर नशीब. इंजिन हवा ओढतं त्या तोंडातून पाणी ओढलं की पिस्टन ते पाणी दाबायला जातो, पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो आणि गाडीच्या किमतीच्या मोठ्या हिश्श्याचं बिल येतं. बंद पडल्यावर घाबरून परत स्टार्टर मारला तर अजून वाईट. साध्या इन्शुरन्समध्ये हे सहसा बसत नाही, इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं, आणि ते डीलर सांगेलच असं नाही.

आता मला सांगा, हवा ओढायचं ते तोंड जमिनीपासून किती उंच आहे हे कुठल्या गाडीच्या ब्रोशरमध्ये लिहिलंय? किती खोल पाण्यातून गाडी जाऊ शकते हा आकडा थारवाले सांगतात, ६५० मिलिमीटर, लँड रोव्हरवाले सांगतात. बाकी तुमच्यातले बहुतेक जण ग्राउंड क्लिअरन्स सांगता, म्हणजे गाडीचं पोट जमिनीपासून किती उंच ते, जणू तेच आहे. ग्राउंड क्लिअरन्स २०० असलेल्या गाडीचं हवेचं तोंड बम्परच्या मागे खाली असू शकतं, आणि १६५ वाल्या गाडीचं बोनेटच्या कडेला वर असू शकतं. पत्ता कसा लागणार? मी शोरूममध्ये बोनेट उघडून हात घालून बघते, सेल्समनला वाटतं बाईला वेड लागलंय. एसयूव्ही म्हणून विकताना डोंगर-नदी दाखवता ना जाहिरातीत, मग एक आकडा छापा. आज विकल्या जाणाऱ्या गाड्यांत निम्म्याहून जास्त एसयूव्ही म्हणवणाऱ्या आहेत, त्यातल्या किती मिलन सबवेच्या लायकीच्या आहेत ते कळू दे लोकांना.

हे एसयूव्ही-एसयूव्ही करताना गाड्या रुंद किती झाल्या ते पण बघा एकदा. मारुती ८०० ची रुंदी दीड मीटरच्या आत होती. आजची क्रेटा १७९० मिलिमीटर, एक्सयूव्ही७०० तर १८९०. रस्ते तेवढेच राहिले. आमच्याकडे स्टॅक पार्किंगच्या प्लेटवर गाडी चढवताना वॉचमन दोन्ही बाजूंना बोटं घालून बघतो आरसा लागतोय का, आणि दार उघडून उतरायचं म्हणजे पोट आत घेऊन. काही सोसायट्यांमध्ये तर मशीनच्या वजनाच्या आणि उंचीच्या मर्यादेत नवीन गाड्या बसतच नाहीत, गाडी घेतल्यावर लक्षात येतं, मग ती रस्त्यावर, मग टोइंगवाला.

चार मीटरचं मला माहितीय, ते तुमच्या हातात नाही. २००६ पासून सरकारने रेघ मारली, चार मीटरच्या आत, पेट्रोल १२०० सीसी, डिझेल १५०० सीसी, तर कर कमी. त्यापायी २००८ ला ४१६० मिलिमीटरची असलेली डिझायर २०१२ ला मागून कापून ३९९५ ची केलीत, आणि तेव्हापासून आपण त्या बसक्या डिकीच्या गाड्या सहन करतोय (हल्लीच्या जरा बऱ्या दिसतात, कबूल). सप्टेंबर २०२५ च्या नवीन जीएसटीत रेघ तीच राहिली, आत १८ टक्के, बाहेर ४० टक्के. तुम्ही रेघेच्या आत गाडी बसवणार, मी पण तेच केलं असतं. पण एक सांगू? आपल्या कुर्ल्याच्या प्रीमिअरमध्ये बनणारी पद्मिनी पण चार मीटरच्या आतलीच होती, १०८९ सीसीची, आणि तिला व्यवस्थित डिकी होती, वर कॅरिअर, समोरच्या दाराला हवेची ती तिकोनी काच, बाकी काही नाही. तेवढ्यात चार माणसं आणि गावचं सामान घेऊन ती काळीपिवळी म्हणून ऑक्टोबर २०२३ पर्यंत मुंबईत फिरली. ती चालवायला जड होती, ब्रेक रामभरोसे होते, मला ती परत नकोय, उगाच गळे काढणाऱ्यातली मी नाही. मुद्दा एवढाच की लहान मापात समजूतदार गाडी बसते, आपल्याच शहरात बसवलेली आहे.

E20 वर, म्हणजे २० टक्के इथेनॉल घातलेल्या पेट्रोलवर, या पत्रात बोलत नाही, त्याला वेगळं पत्र लागेल आणि ते तुम्हाला नसेल.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तुम्ही हजारात एक. मॅन्युअल, बटणं, सनरूफ नाही, अशी मारुतीची जिम्नी आली की २०२३ मध्ये, कोणी घेतली? बरोबर, इथे नाही चालली. पण तेव्हा पावणेतेरा लाखांपासून सुरू, चार सीट, मागची सीट पाडल्याशिवाय डिकी नावाला, कुटुंबवाला माणूस कशी घेणार? तीच पाच दारांची जिम्नी इथून जपानला गेली तर जानेवारी २०२५ च्या शेवटी बुकिंग उघडून चार-पाच दिवसांत पन्नास हजारांच्या आसपास ऑर्डर आल्या, बुकिंग थांबवावं लागलं. साधी गाडी लोकांना नको असते असं नाही, साधी आणि महाग नको असते. आणि आवडीने गाडी चालवणारे कमी आहेत म्हणता तर फोक्सवॅगनची ५३ लाखांची गोल्फ जीटीआय २०२५ ला आली, पहिल्या दीडशे गाड्या डिलिव्हरीच्या आधीच गेल्या. म्हणजे हौस आहे, फक्त तुम्ही ती अर्ध्या कोटीला विकता. मधल्या पगारवाल्यांसाठी एके काळी फोर्डची आयकॉन होती, फिएटची पॅलिओ १.६ होती, फोर्डच्याच फिएस्टाची १.६ एस होती, मारुतीची चार डिस्क ब्रेकवाली बलेनो आरएस होती, पोलो होती, चाकणला बनायची, २०२२ ला ती पण गेली. फोर्ड २०२१ ला गेली, फिएट त्याच्या आधी. यातल्या काही तोट्यात होत्या हे मला माहितीय, हिशोब तुम्हाला चुकत नाहीत. पण आज जे टर्बो इंजिन तुमच्या गोडाऊनमध्ये आहेच, जो मॅन्युअल गिअरबॉक्स साध्या इंजिनाला लावताच, ते दोन एकत्र करायला नवीन कारखाना लागत नाही.

शेवटचं तुमचं म्हणणं असणार की इतके कॉम्बिनेशन केले तर डीलरच्या यार्डात माल पडून राहतो, प्रत्येकाची टेस्टिंग-परवानगी वेगळी, कारखान्यात गोंधळ. ठीक आहे. मग यार्डात ठेवूच नका, ऑर्डर घेऊन बनवा. आपला माणूस थांबतो हो. ऑक्टोबर २०२१ ला एक्सयूव्ही७०० च्या पहिल्या २५ हजार गाड्या ५७ मिनिटांत बुक झाल्या आणि नंतर लोक वर्ष-वर्षभर थांबले, कोणी मोर्चा काढला नाही. त्याच गाडीला लक्झरी पॅक वेगळे पैसे देऊन घ्यायची सोय होती, म्हणजे पॅक वेगळा विकता येतो हे तुम्हाला जमतं. मग सनरूफ, १८ इंची चाकं, रंगीत दिवे, अँबियंट काय ते, याचा एक हौसेचा पॅक करा, ज्याला पाहिजे त्याने घ्यावा, काकांना पेढ्यांबरोबर दाखवायला. आणि वायपर, डिफॉगर, बेल्ट, ब्रेक, इंजिन हे त्या पॅकच्या तावडीतून सोडवा. तीन महिने थांबेन मी, सहा थांबेन.

नाहीतरी घाई नाहीये. जुन्या गाडीला मागच्याच महिन्यात नवीन क्लच टाकला, टायर पण बदलले, आणि कुर्ल्याचा मेकॅनिक म्हणतो अजून तीन वर्षं हिला हात लावायला नको. म्हणजे तुमच्याकडे एक अख्खी फेसलिफ्ट, म्हणजे गाडी थोडी बदलून परत आणण्याएवढा वेळ, आहे. ब्रोशर छापायच्या आधी मागच्या वायपरच्या रांगेत बेस मॉडेलखाली टिक दिसली तर कळवा, मी बुकिंगला येते. भावाला घेऊन येणार नाही.

कळावे,
चेंबूरची एक गिऱ्हाईक